पत्रिकेतलं ‘सहकुटुंब’ आणि बोटीचा आकडा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत समुद्रावरच्या लग्नसमारंभांवर पानभर मजकूर आला आहे. फुलांची कमान, डेकवरचं जेवण, मावळतीच्या उन्हातले फोटो, एका संध्याकाळचा खर्च, सगळं त्यात आहे. बोटीवर माणसं किती घेता येतात हे मात्र कुठे नाही. चष्मा पुसून परत वाचलं, तरी सापडलं नाही. म्हणून हे पत्र.

मी उरणजवळच्या करंजाचा. सगळी नोकरी मुंबई बंदरात लाँचवर झाली. आधी खलाशी, मग सारंग, म्हणजे बोट चालवणारा. गेल्या मोसमात माझ्या पुतणीच्या मुलीचं रिसेप्शन अशाच एका बोटीवर झालं. गेलो पाहुणा म्हणूनच, पण पाय बोटीला लागला की डोळे आपोआप दोरखंड, टायर, लाइफ जाकिटं शोधायला लागतात, त्याला इलाज नाही. बोटीचं आणि तिच्या मालकाचं नाव लिहीत नाही. प्रश्न त्या एका बोटीचा असता तर पत्र मालकालाच लिहिलं असतं.

बोटीवरच्या समारंभाला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. आमच्याकडे वऱ्हाड पाण्यावरूनच जायचं. करंजा आणि रेवस यांच्यामध्ये धरमतरची खाडी, आणि दोन्ही काठांवर सोयरिकी. नवरा, करवल्या, वाजंत्री, रुखवताची भांडी, सगळं मचव्यात नाहीतर तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत. खाडीत नारळ सोडायचा आणि निघायचं. पण तरवाला चढायच्या फळीशी उभा राहून माणसं मोजायचा, नवऱ्यासकट. भरले की फळी उचलायचा. मागे मुलाचा मामा राहिलेला असो की गावचा पाटील, त्याने पुढच्या खेपेला यायचं. मुहूर्त टळेल म्हणून आरडाओरडा व्हायचा, तरवाला तो तंबाखू मळत ऐकून घ्यायचा. ऐकावं त्याचंच लागायचं, कारण पलीकडे नेणारा दुसरा कुणी नव्हता, आणि त्या दिवशी रुसलेलं वऱ्हाड उद्या परत त्याच्याच तरीत बसणार होतं.

आजच्या पार्टीबोटीवरचा सारंग त्या जागी उभा नाही. त्याची बोट चार तासांसाठी विकली गेलेली असते. पैसे मालकाने घेतलेले, फुलं इव्हेंटवाल्याची, माणसं यजमानांची. सुकाणू तेवढं त्याच्या हातात.

आमच्या रिसेप्शनचं सांगतो. निमंत्रण संध्याकाळी साडेसहाचं, गेटवेच्या बाजूच्या एका धक्क्यावरून. तारीख ठरवताना पोरांनी पौर्णिमा बघितली होती, चांदण्यात फोटो चांगले येतात म्हणून. कॅलेंडरात पौर्णिमा बघणाऱ्याने त्याच चौकोनातून भरतीचाही हिशेब करायला हवा होता. आमच्यात लहान पोरालाही येतो तो: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती बाराच्या आसपास जाते, म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहाला ऐन ओहोटी. तीही उधाणाची. उधाणाला मुंबई बंदरात भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. दुपारी धक्क्याला खेटून उभी असलेली बोट संध्याकाळी एक मजला खाली गेलेली असते, आणि मधल्या पायऱ्या हिरव्या शेवाळाच्या.

त्या पायऱ्यांवरून आमच्या वऱ्हाडाला उतरवलं. पैठण्या, टाचांच्या चपला, कडेवर पोरं. माझ्या थोरल्या वहिनी ऐंशी ओलांडलेल्या, त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार वेटरांनी खाली नेलं. वहिनी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. खाली पोहोचल्यावर मात्र त्यांनी कठड्याजवळची जागा धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही, हेही सांगायला हवं. खूप वर्षांनी पाण्यावर आल्या होत्या. वारा होता, डास नव्हते, आणि हॉलमध्ये सनई संपल्यावर जो पंख्यांचा आणि भांड्यांचा गोंगाट असतो तो नव्हता. अष्टमी धरली असती तर त्या स्वतःच्या पायांनी चढल्या असत्या.

आता आकडा. प्रत्येक प्रवासी बोटीचा सर्व्हे, म्हणजे तपासणी, होतो आणि सर्टिफिकेटवर प्रवासी किती, खलाशी किती हे लिहिलेलं असतं. १९१७ चा इनलँड व्हेसल्सचा कायदा जाऊन २०२१ चा नवा आला, पण ही गोष्ट दोन्हींत आहे. या बोटीचं सर्टिफिकेट सुकाण्याच्या केबिनबाहेर फ्रेम करून लावलेलं होतं आणि त्यावर डेकोरेशनवाल्याने शेवंतीच्या माळांचा पडदा सोडला होता. माळा बाजूला करून बघितलं. प्रवासी १२०.

पुतणजावयाने ११० जणांना बोलावलं होतं. माणूस हिशेबी आहे, दहाची सवडही त्याने ठेवली होती. पण मी फळीजवळ उभा राहून मोजत गेलो तसा आकडा वाढतच चालला. केटररची माणसं, त्यात लाइव्ह डोशाच्या काउंटरचे दोन आचारी. वेटर. डीजे आणि त्याचे साथीदार. फोटोवाले, व्हिडिओवाले, ड्रोन उडवणारा वेगळा. नवरीच्या मेकअपची बाई आणि तिची मदतनीस. नवरानवरीच्या एंट्रीसाठी ताशावाले. इव्हेंटवाल्याची काळ्या टीशर्टातली पोरं. यांतलं कुणीही त्या ११० मध्ये नव्हतं. शिवाय पत्रिकेवर नेहमीप्रमाणे ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं, त्यामुळे एकाच्या नावावर तिघं. मी दीडशेच्या पुढे मोजणं सोडलं. जावयाने पाहुणे मोजले होते. बोटीला पाहुणा आणि वेटर यांतला फरक कळत नाही, तिला वजन कळतं.

केबिनमध्ये डोकावलो. सारंग तरुण, आमच्याच रायगडचा. मी कोण ते सांगितल्यावर उठून उभा राहिला. मी आकडा बोललो. तो म्हणाला, “काका, आकडा माझ्याकडे पण आहे. पण नवरीच्या आत्याला फळीवरून मी कसा परत पाठवू? सांगा तुम्ही.”

मला उत्तर देता आलं नाही. या पत्राचं खरं कारण त्याचा हा प्रश्न आहे. लग्नाच्या दारातून कुणाला परत पाठवायचं नाही हा आपला रिवाज, आणि तो चांगला आहे. हॉलमध्ये शंभराच्या जागी दोनशे आले तर फार तर श्रीखंड कमी पडतं. बोटीवर मात्र परत पाठवणं हेच ज्याचं काम, तो त्या संध्याकाळी यजमानांचा नोकर असतो. वीस-बावीस हजार पगारातल्या पोराने नवरीच्या आत्याशी वाद घालावा आणि उद्याचं बुकिंग गेलं म्हणून मालकाच्या शिव्या खाव्यात, अशी अपेक्षा कुणी करू नये.

आत्या तर त्या दिवशी वेळेवर आल्याच नव्हत्या. फ्रीवेवर अडकल्या. बोट सव्वासातला सुटली आणि पाऊण तासाने आत्या, त्यांचे यजमान आणि दोन मुली एका छोट्या स्पीडबोटीतून अंधारात मागून आल्या. आमची बोट संथ केली आणि भर पाण्यात त्यांना वर घेतलं. दोन बोटी एकमेकींना लागलेल्या असल्या तरी लाटेवर एकदम वर जात नाहीत. एक चढते तेव्हा दुसरी उतरते, आणि मधल्या फटीत पाय सापडला तर हाड राहत नाही. आत्यांचा एक पाय इकडे, एक तिकडे, भरजरी शालू, आणि वरून सगळे मोबाइल धरून टाळ्या वाजवतायत! बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटला जहाजावर चढवण्याचं काम मी बघितलेलं आहे. त्यासाठी शिडी कशी असावी, उजेड कुठे असावा, दोर कुणी धरायचा याचे नियम आहेत, आणि चढणारा शिकलेला असतो. आत्या बँकेतून रिटायर झालेल्या आहेत.

परतताना गेटवेचे दिवे दिसायला लागले तसा डीजेने पुकारा केला, “सगळे लेफ्ट साइडला या, ग्रुप फोटो!” आणि सगळे आले. स्टेज वरच्या डेकवर, स्पीकरच्या पेट्या वर, जनरेटर वर, आणि आता माणसंही वर आणि एका अंगाला. वर वजन वाढलं की कललेली बोट सरळ व्हायला वेळ घेते, हे कळायला सारंग असावं लागत नाही. ग्लासं टेबलावरून सरकायला लागली होती. मी डीजेकडे माइक मागितला. त्याला वाटलं काका गाणं म्हणणार, त्याने म्युझिक कमी करून दिलं. मी सांगितलं, “मुलाकडच्यांनी उजवीकडे जा, मुलीकडच्यांनी इथेच थांबा, फोटो दोन वेळा काढू.” लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, हसत हसत गेले. जावई मात्र कानाशी येऊन म्हणाला, “काका, आज तरी ड्यूटीवर येऊ नका.”

त्याचा राग नाही. त्याच्या पिढीला ‘रामदास’ म्हणजे संत. आमच्या किनाऱ्याला रामदास म्हणजे बोट. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. आमची जुनी माणसं सांगायची की एका बाजूने पाणी आत आलं तशी माणसं घाबरून दुसऱ्या बाजूला धावली, आणि पावसासाठी बांधलेल्या ताडपत्र्यांत अडकून कितीतरी जणांना बाहेर पडता आलं नाही. मी त्या रिसेप्शनमध्ये कठड्यापासून छतापर्यंत घट्ट बांधलेले सॅटिनचे पडदे बघत होतो. सोडायला गाठ कुठे आहे ते बांधणाऱ्यालाच माहीत, आणि तो दुपारीच घरी गेला होता.

इतकं मागे जायचं नसेल तर १८ डिसेंबर २०२४ आठवा. घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जण गेले. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, धडक तिची होती, नीलकमलच्या गर्दीने ती झाली नाही, हे आधीच सांगतो. पण परवाना ८४ प्रवाशांचा असताना बोटीवर शंभराच्या वर माणसं होती, आणि एकूण किती होती याचा आकडा बातम्यांत बदलत राहिला. पाण्यात शोधणाऱ्याला आधी हे कळावं लागतं की अजून किती शोधायची आहेत. एका लहान मुलाचा देह काही दिवसांनी मिळाला. त्यानंतर फेरीबोटींवर जाकिटाची सक्ती झाली, ती बरीच पाळलीही जाते. घारापुरीचे पर्यटक नारिंगी जाकिटं घालून मुकाट बसलेले दिसतात. लग्नाच्या बोटीवर तीच जाकिटं बाकाखाली, बाकाला स्कर्टिंग, आणि स्कर्टिंगवर टाचण्या. लहान मुलांच्या मापाची होती का, विचारलं. बोटीवरचा पोरगा म्हणाला, “असतील.”

तेव्हा जेवताना पैठणीवर जाकीट घालून बसा, असं मी म्हणत नाही. तसं कुणी बसणार नाही आणि जो नियम कुणी पाळणार नाही तो करून उपयोग नाही. सुटण्याआधी पाच मिनिटं ती बाहेर काढून कशी घालायची ते दाखवा, एवढं पुरे. नवरानवरीला एकदा घालायला लावा. फोटोवाला आपोआप धावत येईल आणि तो फोटो बाकीच्या चारशे फोटोंपेक्षा बरा निघेल.

डीजेबद्दल लिहायचं तर शेजारपाजाऱ्यांना त्रास होतो वगैरे लिहीत नाही. समुद्रात शेजारी नाहीत. आवाजाचा त्रास केबिनमध्ये होतो. व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, सोळा नंबरचं चॅनेल सतत ऐकायचं असतं, हाक आणि संकट दोन्ही त्याच्यावर येतात. आमच्या सारंगाने रेडिओ कानाला लावला होता, तरी त्याला ऐकू येत नव्हतं. मुंबई बंदर म्हणजे तलाव नाही. जवाहर द्वीपला तेलाची जहाजं लागतात, न्हावा शेव्याला कंटेनरची, नांगरावर पडलेली वेगळी, आणि मधून दिवा लावला-न लावला अशी मासेमारीची होडी. रात्री आम्ही एकमेकांना ओळखतो ते रंगावरून: डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. डीजेच्या लायटी लाल-हिरव्या आणि गरगर फिरणाऱ्या. समोरून येणाऱ्याने ही बोट येतेय की जातेय कसं ओळखायचं? त्यात कुणीतरी हौसेने लाल फटाके उडवले. समुद्रात लाल शोभेचं काहीही आकाशात सोडू नये, तो मदतीचा इशारा असतो. लंडनला थेम्स नदीत २० ऑगस्ट १९८९ च्या रात्री वाढदिवसाची पार्टी चाललेल्या ‘मार्शिओनेस’ बोटीला वाळू उपसणाऱ्या ड्रेजर जहाजाने धडक दिली, ५१ जण गेले. चौकशीत निघालं की दोन्ही बोटींवर नजर ठेवण्याची व्यवस्था धड नव्हती. ती रात्रही शांत होती, नदी ओळखीची होती.

माझं म्हणणं फार मोठं नाही. समारंभासाठी बोट जाणार असेल तेव्हा धक्क्यावर फळीशी मोजणारा माणूस बंदर खात्याचा असावा, बोटीचा नाही आणि इव्हेंटवाल्याचा तर नाहीच. त्याचा भत्ता यजमानांकडून आगाऊ घ्यावा. जिथे फुलांना दोन लाख जातात तिथे हा खर्च कुणाला जाणवणार नाही. त्याने डोकी मोजावी, आचारी आणि ताशेवाला धरून. नावांची एक यादी धक्क्यावर ठेवून घ्यावी, मगच दोर सुटावा. मग आत्यांना नाही म्हणायचं ओझं त्या पोरावर राहणार नाही, आणि जावयावरही नाही. सरकारने अडवलं म्हटलं की आपल्याकडे कुणी रुसत नाही. भर पाण्यात माणसं चढवणं सरळ बंद करावं. आणि सर्टिफिकेटवरचा आकडा मराठीत, हातभर अक्षरांत, चढायच्या जागी रंगवावा, म्हणजे त्यावर माळा सोडल्या तरी तो दिसेल.

हे होईल तेव्हा होईल. तुळशीचं लग्न लागलं की मोसम सुरू होतो आणि बुकिंग आत्ताच चालू आहेत. ज्यांनी आगाऊ पैसे भरले असतील त्यांनी पत्रिका छापायला टाकण्याआधी मालकाकडून सर्व्हे सर्टिफिकेटची झेरॉक्स मागून घ्यावी. त्यावरच्या प्रवाशांच्या आकड्यातून आचारी, वेटर, वाजंत्री, फोटोवाले सगळे वजा करावेत आणि उरतील तेवढीच नावं पत्रिकेवर घालावीत, ‘सहकुटुंब’ न छापता. यादी तेवढ्यात बसत नसेल तर हॉल घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाच बोटीने फिरवून आणावं. तिथी मात्र अष्टमीच्या आगेमागे बघावी. त्या संध्याकाळी सहाला पाणी धक्क्याला असतं.

आपला,
एक निवृत्त सारंग
करंजा, ता. उरण, जि. रायगड